टोपातला वारा

लोटनने दोरीला चार झटके दिले. चार झटके म्हणजे वर घ्या. पहिल्या तिनांत थोडी तरी अब्रू होती. चौथा त्याने इतक्या जोरात ओढला की वर काठावर दोरी धरून बसलेला सुकदेव पुढे कलंडला. "आजबी पंधराच," असं पुटपुटत तो दोरी गोळा करू लागला.

पंधरा फूट. विहिरीत पाणी होतं चाळीस फूट. विहीर म्हणजे गावातली नव्हे. पुलाच्या खांबासाठी तापीच्या पात्रात उतरवत आणलेलं दगडी बांधकामाचं बिनतळाचं कडं. आतली वाळू उपसत जायची आणि कडं आपल्या वजनाने खाली खाली बसत जायचं. पण गेले वीस दिवस ते एका बाजूने कशावर तरी अडून बसलं होतं. खाली जाऊन तो दगड फोडल्याशिवाय पूल पुढे सरकणार नव्हता.

शिडीवरून वर आल्यावर सुकदेवने तांब्याच्या टोपाची काच फिरवून काढली. मग टोपही काढला. आतून लोटनचा चेहरा निघाला तो उकडलेल्या रताळ्यासारखा.

"कुठं अडलं?" जीवरामनानांनी विचारलं.

"तठेच, नाना."

"कोणता कान?"

"दोन्ही. उजवा जास्त. आतमा सुरी फिरावतस असं वाटस."

जीवरामनाना मूळचे भुसावळचे. पण वीस-बावीस वर्षं मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम करून आलेले. बोलणं कमी, पान जास्त. पन्नाशी उलटली होती, स्वतः खोल उतरणं त्यांनी सोडलं होतं आणि आपल्यामागे हे काम करणारा एक तरी माणूस या मुलखात तयार व्हावा, एवढा एकच लोभ त्यांना उरला होता. त्यासाठी पुलाच्या कामावरच्या साहेबांनी लोटनला त्यांच्या हाताखाली दिला. खरं तर लोटनला दिला तो पितांबर आबांनी. आबा गावाचे कारभारी. त्यांनी लोटनला साहेबांपुढे उभा केला आणि म्हणाले, "साहेब, हाऊ मानूस नही, मासा शे."

त्यात खोटं काहीच नव्हतं. भर पुरात पलीकडच्या काठावरची अडलेली बाळंतीण लोटनने भोपळ्यांच्या सांगडीवर बसवून अलीकडे आणली होती. ते मूल आता पाच वर्षांचं झालं होतं आणि त्याचं नावही लोटनच ठेवलं होतं. आषाढात नदी दुथडी भरली की चार गावांचे लोक त्याची वाट पाहायचे. पण पुरात पोहणं म्हणजे बुडू नये याचं कसब. लोटनची सारी हुशारी वर राहण्यातली होती. खाली कसं जायचं, हे तापीने त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी नानांनी विड्याचं एक पान दोन्ही तळहातांच्या मध्ये उभं धरलं होतं.

"हा तुझ्या कानाचा पडदा. तू खाली गेलास की पाणी दाबतं, म्हणून वरून पंपाने जास्त हवा भरावी लागते. ती टोपातली हवा पडद्याला असा आत ढकलते." त्यांनी एका हाताने पान वाकवलं. "आता आतल्या बाजूनेही तेवढीच हवा पोचली पाहिजे. तिची वाट नाकाच्या मागून जाते. ती एरवी मिटलेली असते. गिळलंस, जांभई दिलीस, जबडा पुढे काढलास की उघडते. टोपात हात जात नाही, तेव्हा नाक टोपाच्या कडेला दाबायचं आणि बेतानं फुंकायचं. दोन्हीकडची हवा सारखी झाली की पान सरळ."

मग त्यांनी ते पान चुना लावून खाऊन टाकलं.

सांगणं सोपं होतं. लोटनने गिळलं, जांभया दिल्या, नाक दाबून दाबून त्याची सालं काढली. पण वाट काही उघडेना. सहाव्या दिवशी घरी भाकरी खाताना त्याने घास चावता चावता कानावर हात दाबला आणि भिकूबाईच्या नजरेला ते पडलं. आईच्या नजरेला पडलं की मग कुठे लपवता येतं?

"कान दुखस का रे?"

"थोडासा."

"तठे पाणी जास कानमा?"

"पाणी नही, माय. पाणी आत येतच नही. वरथीन पंप वारा भरस टोपमा."

भिकूबाईने तवा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"कानमा वारा भरतस, आनि वर पुसतस कान काबर दुखस!"

तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. पौषातला वारा कानात गेला की माणूस आठ दिवस अंथरुणातून उठत नाही, हे सगळ्या खानदेशाला ठाऊक. म्हणून तर गडीमाणूस पहाटे वावरात जाताना अंगावर सदरा एक वेळ विसरेल, पण कानाला रुमाल बांधायला विसरणार नाही. आणि इथे तर आपल्या पोराच्या डोक्याला तांब्याचं भांडं उपडं घालून त्यात पंपाने वारा कोंबतात! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लसणाच्या चार पाकळ्या तेलात लाल होईतो तळल्या, तेल कोमट झाल्यावर थेंब थेंब दोन्ही कानांत सोडलं, आपल्याच वावरातल्या कापसाची सरकी काढून दोन बोळे वळले, तेच तेल पाजून ते कानात घातले आणि काडीने चांगले आत सारले.

"आते देखू, कसा वारा जास ते."

लोटनला बरं वाटलं. कान ऊबदार झाला. पाच जणांसमोर रोज माघार घेणाऱ्या माणसाला कुणीतरी मांडीवर डोकं घेऊन कानात तेल घालतं, याचंच अर्धं औषध होतं. नानांना मात्र त्याने सांगितलं नाही. तिशीचा बाप्या आईकडून कानात बोळे घालून घेतो म्हटल्यावर पंपावरच्या बन्सीलालने त्याला गावभर केलं असतं. टोपाखाली कानांवर ओढायची लोकरीची टोपी होतीच. ती घातली की आतलं कुणाला दिसणार?

नंतरच्या बुधवारी दुपारी नानांनी त्याला वाळूत बसवलं आणि ओंजळभर फुटाणे दिले.

"चाव. सावकाश. आणि कानाकडे लक्ष ठेव."

"फुटाना खावाना पगार भेटस का रे भो?" बन्सीलाल पंपावरून ओरडला.

लोटन चावत राहिला, गिळत राहिला. आणि अर्धे फुटाणे संपले असतील नसतील, तोच कानांत आतल्या आत टक् झालं. त्याने पुन्हा गिळलं. पुन्हा टक्. दोन्हीकडे. त्याने नानांकडे पाहिलं. त्याला सांगावंही लागलं नाही. नाना लहान पोरासारखे हसले. इतक्या दिवसांत त्यांचे दात प्रथमच दिसले.

"उघडली. वाट उघडली तुझी. आता तुला तळ दूर नाही."

दुसऱ्या दिवशी लोटन देवाचं नाव घेऊन उतरला. आठ फुटांवर गिळलं, टक्. दहा फुटांवर गिळलं, टक्. आणि त्या दुसऱ्या टक्बरोबर कानात अशी कळ आली की त्याच्या डोळ्यांपुढे टोपाच्या काचेसकट सगळं पांढरं झालं. वाट उघडत होती आणि दुखणं वाढत होतं. जितकं नीट गिळावं तितकं जास्त. तो बारा फुटांवरूनच वर आला. शुक्रवारी दहावरून. शनिवारी आठवरून.

"टक् होतं?"

"व्हस, नाना."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

नानांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. "मग मला कळत नाही," ते म्हणाले. आपलं चुकतंय म्हणेपर्यंत माणसाला उमेद असते; सगळं बरोबर करूनही जमत नाही म्हटल्यावर काय करायचं?

त्याच संध्याकाळी साहेब आले. सोमवारी मी स्वतः उभा राहतो, म्हणाले. शिकाऊ माणूस उतरला तर त्याला कायम करू, नाहीतर मुंबईहून दुसरा मागवू. विहीर काही कुणाच्या कानासाठी थांबत नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांना पावसाळ्याच्या आत खांब वर काढायचा होता.

सोमवारचं नाव घरी निघालं आणि भिकूबाईच्या तोंडून ते गावात गेलं. साहेब येणार एवढंच तिने धरलं. 'नाहीतर' पुढचं लोटनने सांगितलंच नव्हतं. पितांबर आबांनी पारावर जाहीर केलं, "सोमवारले बठ्ठं गाव जाई. आपला आंडोर, गावना पोऱ्या, पाणीमा उतरी राहिना, खेळ शे का?"

लोटनला तिथल्या तिथे जमिनीने गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी भिकूबाईने बोळे नेहमीपेक्षा मोठे वळले. दिवस मोठा, वारा मोठा, तर बोळाही मोठा. लोटन कामावर पोचला तेव्हा झोंबरा वारा सुटला होता आणि नाना टोपाच्या काचा पुसत बसले होते. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि लोकरीची टोपी त्याच्या डोक्यावर ओढायला घेतली. ओढता ओढता त्यांचा हात थांबला. लोटनच्या उजव्या कानाच्या पाळीवर रक्ताचा एक बारीक ओघळ वाळून चिकटला होता.

नानांनी त्याचं डोकं उजेडाकडे वळवलं. करंगळीच्या नखाने कानात चाचपलं. आणि पिवळा, तेलकट, एका बाजूने लालसर झालेला बोळा हळूहळू बाहेर ओढला. लसणाचा वास आला.

"हे कधीपासून?"

"दहा दिवस व्हयनात."

"दुसऱ्यातही आहे?"

लोटनने मान हलवली.

"कुणी घातला?"

लोटन बोटाने वाळूत रेघा ओढत राहिला. वावरातल्या कापसाचा इतका घट्ट, इतका नीट वळलेला बोळा बाजारात मिळत नाही.

नाना त्याच्या शेजारी बसले. बोळा तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघत सावकाश बोलू लागले.

"अरे, याच्या बाहेर टोपातली हवा, याच्या आत कान. मध्ये हा बूच. बाहेरून पडद्यापर्यंत हवा पोचलीच नाही. आणि आतून तू वाट उघडत होतास, तिकडून हवा येत होती. पडदा एकाच अंगाने ताणला जात होता. तू जितकं बरोबर करशील तितका जास्त." ते थांबले. "तुला आलं होतं, लोटन. बुधवारीच आलं होतं."

हे त्यांनी कुणी गेल्याचं सांगावं तसं सांगितलं.

"मंग आते काढी टाका ना, नाना. दोन्ही काढा. आते उतरस मी."

"रक्त आलेला कान घेऊन खाली गेलं की माणूस गरगरतो. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. मी दोघं पाहिलेत. दोघांनाही दोरीनेच वर काढलं." नानांनी दुसऱ्या कानातलाही बोळा काढला आणि दोन्ही मुठीत मिटले. "दोन-तीन महिने पाण्याचं नाव नाही. मग बघायचं, किती ऐकू येतं ते."

दोन-तीन महिन्यांत विहीर तळाला बसणार होती आणि मुंबईचा माणूस विहिरीच्या काठावरच्या फळीवर बसून पान खाणार होता. लोटनला रडू येत होतं, पण रडायचं कुणाच्या नावाने? आईने काही वाईट केलं नव्हतं. नदीने नाही, नानांनी नाही, साहेबांनीही नाही. कुणाला एक शिवी हासडता आली असती तरी जीव थोडा हलका झाला असता.

"मायले सांगू नका, नाना."

"मी कशाला सांगू?"

काठावरून घुंगरांचा आवाज आला. पाच गाड्या पात्रात उतरत होत्या. पहिल्या गाडीत पितांबर आबा फेटा बांधून, आणि त्यांच्यामागे बायकांत भिकूबाई. पलीकडून साहेबांची जीप वाळूत घरघरत आली.

"जीवराम, दगड आज निघाला पाहिजे," साहेब उतरता उतरताच म्हणाले. "माणूस तयार आहे?"

नानांनी एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा लोटनकडे.

"तयार आहे, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी रबरी डगल्यात स्वतःचे पाय घातले.

साहेब नकाशा उघडून जीपच्या आडोशाला गेले. सुकदेवने नानांच्या पायांत शिशाचे बूट चढवले, छातीवर वजनं बांधली. टोप घालण्याआधी नाना लोटनला म्हणाले, "पंपावर तू बस. आज दुसऱ्या कुणाच्या हातची हवा नको मला."

लोटनने कानांवरून, तोंडावरून रुमाल गुंडाळून घेतला. वाराही तसाच होता. तो बन्सीलालच्या समोर पंपाच्या दांड्याला लागला. बन्सीलालने त्याच्याकडे बघितलं आणि आपल्या बाजूचा दांडा धरला. टोप बसला, आटे फिरले, काच घट्ट झाली. आता पंप थांबवायचा नाही. काच लागली की आतल्या माणसाचा श्वास पंपावरच्या दोघांच्या हातात असतो.

गाव येऊन विहिरीभोवती उभं राहिलं. तांब्याचा टोप उन्हात लखलखत होता.

"देखा!" पितांबर आबांनी काठी उंचावली. "तो शे आमना लोटन!"

त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांना कुणी अडवलंही नाही. गाव ओरडलं, पोरांनी शिट्ट्या घातल्या. लोटन दांडा फिरवत होता. खाली, वर, खाली, वर. आपण इथे आहोत हे सांगायला त्याला हात सोडावे लागले असते. हात सोडता येत नव्हते. आणि खरं बोलायचं तर, सोडता आले असते तरी त्याने सोडले नसते.

भिकूबाई ताट घेऊन पुढे आली. ताटात कुंकू, अक्षता, वाऱ्याने केव्हाच विझलेलं निरांजन. टोपातला माणूस फळीवर बसला होता, त्यामुळे तिला हात उंच करावा लागला नाही. तिने अंगठ्याने कुंकू घेतलं, कपाळ समजून काचेच्या वरच्या तांब्याला लावलं आणि मग पोराचं तोंड पाहावं म्हणून काचेपाशी वाकली.

लोटनने दांड्यावरून पाहिलं. आईचा हात हवेत तसाच राहिला. काचेत पिकल्या मिशांचं तोंड असणार, पानाने लाल झालेले ओठ असणार. ती किती वेळ वाकून राहिली कोण जाणे. पंपाचे तीन-चार फेरे झाले असतील. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, आता मागे वळून गावाला विचारेल. भिकूबाईने अक्षता उचलल्या आणि टोपावर टाकल्या. ताट दोनदा ओवाळलं. टोप जड होता, तरी नानांनी तो जमेल तितका खाली झुकवला.

मग ते शिडीवरून उतरले. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं, टोपावरून गेलं, आणि वर नुसते बुडबुडे उरले.

"दहा," सुकदेव दोरी सोडत म्हणाला. "पंधरा."

गाव बुडबुड्यांकडे पाहत होतं. भिकूबाई पाहत नव्हती. ती ताट एका पोरीच्या हातात देऊन गर्दीतून बाहेर आली आणि पंपाकडे चालत आली. रुमालातल्या माणसाचं तोंड तिने पाहिलं नाही, दांड्यावरचे हात पाहिले. लोटनच्या डाव्या बाजूला ती उभी राहिली. लोटनचे हात क्षणभर सैल पडले, बन्सीलाल गुरगुरला.

"थांबू नको, भाऊ," भिकूबाई हळूच म्हणाली. "खाले कोन्या तरी मायना आंडोर शे."

लोटनने दात आवळले आणि फेरा धरला. डोळ्यांतलं पाणी रुमालात जिरत होतं, त्याला तो काही करू शकत नव्हता.

"वीस," सुकदेव म्हणाला. "पंचवीस."

भिकूबाई पंपाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. उजवीकडे. तिथे रुमालावर कानाच्या जागी रुपयाएवढा लाल डाग आला होता. ती जवळ आली, डागाकडे पाहत राहिली, आणि मग तिचे ओठ हलले. काहीतरी ती बोलली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. तिच्या तोंडावरून ती विचारतेय, की सांगतेय, की माफी मागतेय, ते लोटनला कळेना. त्या कानाने त्याला पंपाचाही आवाज येत नव्हता. आणि मान वळवून डावा कान पुढे करायचा तर फेरा चुकला असता.

त्याने नुसती मान डोलावली.

भिकूबाईनेही डोलावली आणि ती तिथेच वाळूत बसली.

"चाळीस," सुकदेव म्हणाला. "लागला तळ."

लोटन दांडा फिरवत राहिला.